समुद्रावरच्या धुराचा हिशेब : प्रस्तावना

उमरखेडच्या जिनिंग-प्रेसिंगमधून निघणारी रुईची गाठ साधारण १७० किलोची असते. ती ट्रकवर चढते, नांदेडच्या वाटेने सहाशेहून अधिक किलोमीटर कापून न्हावा शेव्याला पोहोचते आणि कंटेनरमधून जहाजावर जाते. गिऱ्हाईक बांगलादेशातले असेल, तर तो कंटेनर पुष्कळदा कोलंबोसारख्या बंदरात दुसऱ्या, लहान जहाजावर चढतो आणि मग चितगावला उतरतो. या प्रवासात ट्रकने जाळलेल्या डिझेलचा कार्बन डायऑक्साइड भारताच्या राष्ट्रीय अहवालात रस्तेवाहतुकीच्या रकान्यात धरला जातो. तिकडच्या गिरणीत त्या रुईचे सूत काततानाची वीज बांगलादेशाच्या अहवालात जाते. मधल्या समुद्रावर जहाजाने जाळलेले तेल मात्र कोणत्याही देशाच्या बेरजेत येत नाही.

हे कुणाच्या नजरचुकीने झालेले नाही. राष्ट्रीय उत्सर्जनाचा अहवाल कसा करायचा याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, त्यांत परदेशी सफरीवर निघालेल्या जहाजांना विकलेले इंधन वेगळे दाखवायचे आणि एकूण बेरजेत मिळवायचे नाही, असे स्पष्ट सांगितले आहे. १९९७च्या क्योतो करारात या इंधनाचा प्रश्न लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे, म्हणजे आयएमओकडे सोपवला गेला. २०१५च्या पॅरिस करारात तर आंतरराष्ट्रीय जहाजवाहतुकीचा उल्लेखही नाही. देशांनी आपापल्या जमिनीवरचा धूर वाटून घेतला आणि समुद्रावरचा बाजूला ठेवला.

बाजूला ठेवलेली ही रक्कम लहान नाही. आयएमओच्या २०२०च्या अभ्यासानुसार २०१८ साली जगातल्या सर्व जहाजांनी मिळून सुमारे १०५.६ कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडला. माणसाने त्या वर्षी सोडलेल्या एकूण कार्बन डायऑक्साइडचा तो २.८९ टक्के भाग होता. यात देशांतर्गत जलवाहतूक आणि मासेमारीही धरलेली आहे. एवढा आकडा वाचला की सामान्य वाचक पुढे जातो. मला वाटते, त्याने इथे थांबून विचारावे की हा आकडा आला कुठून? कारण जहाजांच्या धुराड्यांत यंत्रे बसवून तो कोणी मोजलेला नाही. तो हिशेबाने काढलेला आहे. हिशेब कोणी केला, कशावरून केला, कुठे रेघ मारली आणि काय वगळले, यावर तो कोट्यवधी टनांनी वर-खाली होतो. हे पुस्तक त्या हिशेबाविषयी आहे.

हिशेबाचा पाया शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे. जहाजांच्या जड इंधन तेलात वजनाने सुमारे ८५ टक्के कार्बन असतो. कार्बनचा अणुभार १२. जळताना त्याला ऑक्सिजनचे दोन अणू, म्हणजे ३२, जोडले जातात आणि १२चे ४४ होतात. म्हणून एक टन जड तेल जळले की ३.११४ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा गुणक आयएमओने ठरवून दिला आहे. डिझेलसारख्या हलक्या सागरी इंधनासाठी तो ३.२०६ आहे, द्रवरूप नैसर्गिक वायूसाठी २.७५ आणि मिथेनॉलसाठी १.३७५. एखादे जहाज दिवसाला ३० टन जड तेल जाळत असेल तर दिवसाचे उत्सर्जन सुमारे ९३ टन. गुणाकार एवढाच आहे. सगळी अडचण गुणाकाराच्या पहिल्या संख्येत आहे. जहाजाने नेमके किती तेल जाळले?

जमिनीवरच्या माणसाला हा प्रश्न सोपा वाटेल, कारण पेट्रोल पंपावर मीटर असतो आणि पावती मिळते. जहाजालाही पावती मिळते. तिला बंकर डिलिव्हरी नोट म्हणतात, आणि ती तीन वर्षे जहाजावर जपून ठेवण्याचा नियम आहे. पण पावतीवरचे टन आणि टाकीत पडलेले टन यांत फरक पडू शकतो. जड तेल गरम करून पंपाने चढवावे लागते. तापमान बदलले की त्याची घनता बदलते आणि आकारमानावरून काढलेले वजनही बदलते. तेलात हवा भरून ते फुगवून देण्याचा गैरप्रकार तर या धंद्यात इतका परिचित आहे की खलाशी त्याला ‘कॅपुचिनो’ म्हणतात. जगातले सर्वांत मोठे इंधनविक्रीचे बंदर असलेल्या सिंगापूरने १ जानेवारी २०१७पासून जहाजांना इंधन तेल देताना वस्तुमान मोजणारे मीटर सक्तीचे केले, त्यामागे हेच कारण होते. जहाजावर चढल्यावरही मोजणी संपत नाही. टाकीत फीत सोडून तेलाची पातळी पाहायची, जहाज किती कलले आहे ते ध्यानात घेऊन तक्त्यावरून आकारमान काढायचे आणि रोज दुपारी बारा वाजता ‘नून रिपोर्ट’मध्ये चीफ इंजिनिअरने ते लिहायचे, ही रीत आजही पुष्कळ जहाजांवर चालते. खवळलेल्या समुद्रात घेतलेले ते माप किती अचूक असेल, याची कल्पना करता येते. जगाच्या हवामानाचा आकडा शेवटी अशा लाखो नोंदींवर उभा राहतो. त्या नोंदी करणाऱ्यांत रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातून बोटीवर गेलेली आपली माणसेही आहेत.

एका जहाजाचे माप इतके कष्टाचे असेल, तर सगळ्या जगाचे कसे काढायचे? या प्रश्नावर अभ्यासकांचे दोन पंथ पडले, आणि त्यांच्यातला वाद हा या विषयाचा खरा इतिहास आहे.

पहिला पंथ विक्रीवरून मोजणाऱ्यांचा. प्रत्येक देश जहाजांना किती इंधन विकले ते कळवतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था ते आकडे एकत्र करते. बेरीज करून गुणकाने गुणले की उत्तर तयार. पद्धत सरळ आहे आणि जुन्या काळातही मागे जाता येते. नॉर्वेतल्या संशोधकांनी जुन्या विक्रीच्या आणि ताफ्याच्या नोंदींवरून १९२५पासूनचा जहाजांचा इंधनवापर उभा करून दाखवला आहे. पण विक्रीच्या नोंदी करविभागासाठी ठेवलेल्या असतात, हवामानासाठी नव्हे. जहाजाला दिलेले तेल कुठे ‘निर्यात’ म्हणून लिहिले जाते, कुठे देशांतर्गत विक्रीत मिसळते, आणि भर समुद्रात एका जहाजाने दुसऱ्याला दिलेले तेल नोंदीबाहेर राहू शकते.

दुसरा पंथ कामावरून मोजणाऱ्यांचा. जगात जहाजे किती, प्रत्येकाचे इंजिन किती ताकदीचे, वर्षातले किती दिवस ते चालले, किती भाराने चालले, यावरून तेल किती लागले असेल ते काढायचे. १९९७मध्ये जेम्स कॉर्बेट आणि पॉल फिशबेक या दोघांनी ‘सायन्स’मध्ये जहाजांच्या धुराकडे जगाचे लक्ष वेधले. २००३मध्ये कॉर्बेट आणि होर्स्ट कोलर यांनी जहाजे वर्षाला सुमारे २८.९ कोटी टन इंधन जाळतात, असा हिशेब मांडला. आंतरराष्ट्रीय जहाजांचा म्हणून नोंदलेल्या आकड्याच्या तो दुपटीहून अधिक होता. त्याच वर्षी ओयविंड एंद्रेसेन आणि सहकाऱ्यांनी बराच कमी आकडा दिला. मग दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या गृहीतकांची चिरफाड झाली. वादाचा गाभा एका साध्या प्रश्नात होता. जहाज वर्षातले किती दिवस खरोखर समुद्रावर असते आणि किती दिवस बंदरात वा बाहेर नांगर टाकून उभे असते? तोवर हे कुणी नीट पाहिलेलेच नव्हते. वैज्ञानिक वाद कसा चालावा याचा हा मला फार आवडणारा नमुना आहे. दोन्ही पक्षांनी आपली आकडेमोड उघड ठेवली होती, म्हणूनच चूक कुठे असू शकते ते तिसऱ्याला दाखवता आले.

तो प्रश्न सुटला तो हवामानासाठी तयारच न केलेल्या एका यंत्रणेमुळे. जहाजांची टक्कर टळावी म्हणून ३०० ग्रॉस टनेजवरच्या, परदेशी सफर करणाऱ्या जहाजांवर एआयएस नावाचे प्रक्षेपक बसवणे २००२ ते २००४ या काळात टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. चालते जहाज काही सेकंदांच्या अंतराने आपला ओळखक्रमांक, ठिकाण, वेग आणि दिशा रेडिओवरून सांगत राहते. किनाऱ्यापासून फार दूर हा संदेश ऐकू येत नसे. पुढे उपग्रहांनी तो टिपायला सुरुवात केली आणि अख्खा समुद्र दिसू लागला. फिनलंडच्या हवामान संस्थेतील संशोधकांनी २००९मध्ये बाल्टिक समुद्रासाठी या संदेशांवरून धुराचा हिशेब करून दाखवला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या पुढाकाराने झालेल्या आयएमओच्या २०१४च्या अभ्यासात तीच वाट जगभरासाठी वापरली गेली.

या पद्धतीत वेगाला मोठे महत्त्व आहे. जहाजाला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के कमी केला की ताकद २७ टक्क्यांनी कमी लागते. प्रवासाला वेळ जास्त लागतो, तरी तेवढ्याच अंतराचे तेल १९ टक्क्यांनी वाचते. २००८च्या मंदीनंतर मालवाहू जहाजे मुद्दाम हळू चालवली जाऊ लागली, आणि २००७ ते २०१२ या काळात उत्सर्जन घटले त्याचे एक मोठे कारण हेच होते. पण घनाचा नियम प्रत्येक जहाजाला तंतोतंत लागू पडत नाही. वारा, लाटा, भाराने जहाज किती बुडाले आहे, आणि तळाला शेवाळ-शिंपले किती चिकटले आहेत, हे सगळे त्यात मिसळते. उष्ण कटिबंधातल्या आपल्या पाण्यात तळ लवकर माखतो. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या जीवजंतूंच्या थरांवर पुष्कळ काम केले आहे. सूक्ष्मजीवशास्त्राचा तो विषय जहाजाच्या इंधनाशी किती जवळून जोडलेला आहे, हे मला हे पुस्तक लिहितानाच नीट उमगले.

आयएमओचे आतापर्यंत चार अभ्यास झाले : २०००, २००९, २०१४ आणि २०२०. पहिल्याने १९९६ साठी जागतिक उत्सर्जनात जहाजांचा वाटा सुमारे १.८ टक्के दिला होता. चौथा अभ्यास हॉलंडच्या ‘सीई डेल्फ्ट’च्या नेतृत्वाखाली झाला, आणि त्यातली एक गोष्ट प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावी अशी आहे. त्यात २०१८च्या ‘आंतरराष्ट्रीय’ जहाजवाहतुकीचे दोन आकडे दिले आहेत : ९१.९ कोटी टन आणि ७४ कोटी टन. वर्ष तेच, जहाजे तीच, तेल तेच. फरक व्याख्येचा आहे. जहाजाचा प्रकार आणि आकार पाहून ते आंतरराष्ट्रीय ठरवले तर पहिला आकडा येतो. प्रत्यक्ष सफर दोन वेगळ्या देशांच्या बंदरांमध्ये झाली का, हे पाहिले तर दुसरा. युरोपला निघालेले मोठे कंटेनर जहाज मुंद्र्याहून न्हावा शेव्याला आले, तर तेवढा टप्पा पहिल्या रीतीने आंतरराष्ट्रीय आणि दुसऱ्या रीतीने देशांतर्गत ठरतो. देशांतर्गत ठरले की तो भार देशाच्या खात्यावर येतो. सुमारे १८ कोटी टन एका व्याख्येने इकडचे तिकडे होतात.

म्हणून ‘किती’ या प्रश्नाला ‘कोणाचे’ हा प्रश्न चिकटलेलाच आहे. १९९६मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान वाटाघाटींत हा धूर देशांमध्ये वाटण्याचे आठ पर्याय मांडले गेले होते. त्यातले काही आपल्या रुईच्या गाठीला लावून पाहू. इंधन विकणाऱ्या देशाला जबाबदार धरले, तर सिंगापूरवर अन्याय होतो. तिथे २०२३मध्ये ५ कोटी टनांहून अधिक सागरी इंधन विकले गेले आणि त्याचा धूर त्या लहान देशाच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या दुपटीहून अधिक भरतो. जहाजावरच्या झेंड्याला, म्हणजे त्याची नोंदणी असलेल्या देशाला धरले, तर लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटे जगातले सर्वांत मोठे दोषी ठरतील, आणि मालक एका रात्रीत झेंडा बदलू शकतो. माल जिथून निघाला त्याला धरले तर भार भारतावर. जिथे उतरला त्याला धरले तर बांगलादेशावर. पण त्या रुईचा शर्ट शेवटी युरोपात विकला गेला असेल, तर? तीन दशके झाली, एकाही पर्यायावर एकमत झालेले नाही. माझे मत असे की ते होणारही नाही, आणि जहाजवार, सफरवार हिशेब ठेवण्याचा रस्ताच खरा आहे.

त्या रस्त्यावर दोन व्यवस्था उभ्या राहिल्या. युरोपीय संघाने २०१५मध्ये नियम केला आणि १ जानेवारी २०१८पासून आपल्या बंदरांत ये-जा करणाऱ्या, ५,००० ग्रॉस टनेजवरच्या प्रत्येक जहाजाला इंधन आणि उत्सर्जनाचा हिशेब द्यायला लावले. पहिल्या वर्षी ११ हजारांहून अधिक जहाजांनी १३.८ कोटी टनांचा हिशेब दिला, आणि तो जहाजाच्या नावासह सर्वांना पाहायला खुला झाला. आयएमओची इंधननोंद १ जानेवारी २०१९पासून सुरू झाली. तीही ५,००० ग्रॉस टनेजवरच्या जहाजांसाठीच आहे; आंतरराष्ट्रीय जहाजवाहतुकीच्या उत्सर्जनाचा सुमारे ८५ टक्के भाग या जहाजांचा असतो. पण इथे जहाजाची ओळख झाकून आकडे ठेवले गेले. नाव झाकलेला आकडा बाहेरचा माणूस पडताळू शकत नाही. या बाबतीत युरोपची रीत निःसंशय चांगली आहे, आणि भारतानेही आपल्या झेंड्याखालच्या जहाजांचे आकडे नावासह खुले करावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

नोंदीपाठोपाठ गुणपत्रिका आली. २०२३पासून ५,००० ग्रॉस टनेजवरच्या बहुतेक जहाजांना त्यांच्या कार्बन तीव्रतेवरून ‘ए’ ते ‘ई’ अशी श्रेणी मिळते. वर्षभरात सोडलेला कार्बन डायऑक्साइड, भागिले जहाजाची वहनक्षमता गुणिले कापलेले अंतर, असा तिचा हिशेब. पण भागाकारात प्रत्यक्ष माल किती नेला हे येत नाही, जहाज किती माल नेऊ शकते हे येते. त्यामुळे रिकामे धावणारे जहाज हलके असल्याने चांगली श्रेणी मिळवू शकते. गर्दीमुळे बंदराबाहेर आठवडाभर उभे राहिलेल्या जहाजाचे दिवे, पंप आणि शीतकंटेनर मात्र तेल जाळतच राहतात, अंतर शून्य, आणि त्याची श्रेणी घसरते. मोजमापाचे सूत्र बदलले की चांगला कोण आणि वाईट कोण हेही बदलते. यासाठी पुस्तकात बरीच पाने खर्ची घातली आहेत.

आकाशातून थेट मोजता येणार नाही का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. हवेत कार्बन डायऑक्साइड आधीच दशलक्ष भागांत ४२० भागांच्या वर आहे. एका जहाजाने त्यात घातलेली भर उपग्रहाला वेगळी दिसणे फार अवघड आहे. नायट्रोजन डायऑक्साइड मात्र हवेत थोडा वेळच टिकतो, म्हणून तो ताजा असताना दिसतो. २००४मध्ये जर्मन संशोधकांनी श्रीलंकेपासून सुमात्र्यापर्यंतचा जहाजांचा मार्ग उपग्रहाच्या नोंदींत या वायूच्या रेषेवरून ओळखला. हिंदी महासागरातली ती रेषा या शास्त्राच्या इतिहासात कायमची नोंदली गेली आहे. डेन्मार्कमध्ये पुलावर बसवलेली यंत्रे खालून जाणाऱ्या जहाजाच्या धुरातले गंधकाचे कार्बनशी प्रमाण पाहून ते कोणत्या प्रतीचे तेल जाळते ते सांगतात. या साधनांनी खोटे पकडता येते. वर्षाची बेरीज अजून तेलाच्या नोंदींवरच करावी लागते.

इंधन बदलू लागल्यावर हिशेब आणखी खोल गेला. नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या जहाजाच्या धुराड्यातून तेवढ्याच ऊर्जेमागे जड तेलापेक्षा सुमारे चतुर्थांश कमी कार्बन डायऑक्साइड निघतो. पण इंजिनातून न जळता निसटणारा मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट तापवणारा असतो. मिथेनॉलचा गुणक १.३७५ पाहून ते निम्म्याहून स्वच्छ वाटते. मात्र त्याच्या एका किलोत ऊर्जाही निम्मीच असते, आणि ऊर्जेमागे हिशेब केला तर धुराड्यापाशी फायदा सुमारे ११ टक्क्यांचा उरतो. तेच मिथेनॉल कोळशापासून केले असेल तर एकूण हिशेबात नुकसान, आणि शेतातल्या अवशेषांपासून केले असेल तर मोठा फायदा. म्हणून आयएमओने २०२३मध्ये इंधनाच्या उगमापासून जहाजाच्या पंख्यापर्यंतचा पूर्ण हिशेब करण्याची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. आमच्या तालुक्यात कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाटी बांधावर रचून जाळली जाते. त्या पऱ्हाटीपासून उद्या जहाजाचे इंधन तयार होणार असेल, तर तिचा कार्बन कसा धरायचा हे ठरवणारे नियम लंडनमध्ये लिहिले जात आहेत. ते नियम आपल्या कृषी महाविद्यालयांत शिकवले गेले पाहिजेत.

हे सगळे आजच का समजून घ्यायचे? कारण आकड्याला आता किंमत आली आहे. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२४पासून जहाजांना आपल्या उत्सर्जन व्यापारात ओढले. भारतातून युरोपला जाणाऱ्या सफरीच्या निम्म्या उत्सर्जनाचे परवाने आता विकत घ्यावे लागतात. २०२४च्या उत्सर्जनापैकी ४० टक्क्यांचे, २०२५च्या ७० टक्क्यांचे आणि २०२६पासून पूर्ण. जहाज कंपन्यांनी हा खर्च भाड्यावर वेगळा अधिभार म्हणून लावला. सूत, हळद वा सोयापेंड पाठवणारा निर्यातदार तो भरतो, आणि शेवटी त्याचा काही भाग मोंढ्यातल्या भावात उतरतो. २०२३च्या अखेरीस तांबड्या समुद्रातले हल्ले सुरू झाल्यावर जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. मुंबई ते उत्तर युरोपचे अंतर चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी वाढले, त्याबरोबर तेल वाढले, धूर वाढला आणि अधिभाराचा आधारही बदलला. जगभरासाठीही अशीच व्यवस्था येऊ घातली आहे. २०५०च्या आसपास निव्वळ शून्य हे उद्दिष्ट आयएमओने २०२३मध्ये ठेवले. एप्रिल २०२५मध्ये इंधनाच्या कार्बन तीव्रतेवर शुल्क लावणारा मसुदा ६३ विरुद्ध १६ मतांनी मान्य झाला, भारतानेही बाजूने मत दिले. ऑक्टोबर २०२५मध्ये अंतिम निर्णय वर्षभर पुढे ढकलला गेला. शुल्क कधी येईल यावर वाद आहे. ते मोजलेल्या टनांवरच लागेल यावर नाही.

आणि मोजणारे कोण आहेत? मुंबईत या विषयाच्या बऱ्याच प्रमुख संस्था आहेत. जहाजवाहतूक महासंचालनालय मुंबईत, भारतीय नौवहन निगम मुंबईत, जहाजांची तपासणी करणारी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग पवईत. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे सिंधिया कंपनीचे जहाज मुंबईहून लंडनला निघाले; ती कंपनी उभी करणाऱ्यांत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते, आणि आपला माल आपल्या जहाजातून जावा हाच त्यांचा आग्रह होता. आज भारताच्या परदेशी सागरी व्यापारातला नव्वद टक्क्यांहून अधिक माल परदेशी जहाजांतून जातो. म्हणजे आपल्या गाठींच्या, हळदीच्या, पेंडीच्या सागरी प्रवासात किती तेल जळले याच्या नोंदी परदेशी कंपन्यांच्या कचेऱ्यांत आहेत. त्यावरून काढलेला आकडा आपल्यासमोर बिल म्हणून येतो. तो तपासण्याची विद्या आपल्याकडे हवी, आणि ती फक्त मुंबईत असून भागणार नाही. उमरखेडसारख्या, समुद्र कधी न पाहिलेल्या माणसांच्या गावात बसून हे पुस्तक लिहिण्याचे कारण एवढेच आहे. इथला माल समुद्रावरून जातो.

पुस्तकाचा आवाका मी मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. बारावीपर्यंतचे गणित आणि रसायनशास्त्र येणारा वाचक वाटेत कुठे अडू नये, असा प्रयत्न आहे. इंधनापासून आकड्यापर्यंतची वाट पायरीपायरीने दाखवली आहे, आणि प्रत्येक पायरीवर अनिश्चितता किती शिरते ते सांगितले आहे. काजळी आणि गंधक यांचा विचार कार्बनच्या हिशेबाला लागेल तेवढाच केला आहे. नौदलाची जहाजे आणि किनाऱ्यावरच्या मासेमारी बोटी बाहेर ठेवल्या आहेत. त्यांच्यासाठी वेगळे पुस्तक लागेल. जहाजवाहतूक थांबवावी, असे मी कुठेही म्हटलेले नाही. टनामागे, किलोमीटरमागे जहाजाचा धूर ट्रकच्या धुराच्या मानाने फार कमी असतो, आणि न्हावा शेव्यापर्यंतचा रस्ता हाही आपल्या गाठीच्या हिशेबातला मोठा भाग आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे उमरखेडवरून जाणार आहे. ती मालासाठी नीट वापरली गेली तर काय फरक पडेल, याचे गणितही दिले आहे. जहाज कंपन्यांना खलनायक ठरवणे सोपे होते, पण ते खरे झाले नसते. उत्तम नोंदी ठेवणाऱ्या कंपन्या आहेत आणि त्यांच्या नोंदींमुळेच हे शास्त्र पुढे गेले.

वाचकाला एक विनंती. आकडे वाचून सोडून देऊ नका, कागद-पेन्सिल घेऊन करून पाहा. शिक्षकांनी ३.११४ हा गुणक फळ्यावर मुलांकडून काढून घ्यावा. निर्यातदारांनी आणि त्यांच्या कारकुनांनी जहाज कंपनीच्या बिलात कार्बनचा अधिभार दिसला की तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : हिशेब कोणत्या जहाजाच्या कोणत्या वर्षाच्या नोंदीवरून केला, अंतर कोणत्या मार्गाचे धरले, आणि जहाजाचा धूर कंटेनरांमध्ये कोणत्या रीतीने वाटला. पुस्तकाच्या शेवटी अशा पत्राचा मराठी आणि इंग्रजी मसुदा जोडला आहे. तो जसाच्या तसा वापरायला कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

उमरखेड, जि. यवतमाळ